हरभऱ्यावरची फडकी

कुशावर्ताबाईंनी चावी फिरवली आणि जमिनीतून पाणी उभं राहिलं.

चावी साधीच होती. लोखंडाची, कमरेइतकी उंच, वर आडवी मूठ. सोनखडक नगरपालिकेत पाणी सोडायचं काम त्या सव्वीस वर्षं करत होत्या. आठवड्यातून एकदा कोणत्या गल्लीला किती वेळ नळ येणार, हे त्यांच्या मनगटावर असायचं. त्या चावीनं आजवर सुटलेलं पाणी करंगळीएवढ्या धारेनं, खाकरत खाकरत घागरीच्या बुडाशी पडायचं. आज त्याच चावीनं माळावरच्या नव्या फरशीतल्या बहात्तर छिद्रांतून धारा पुरुषभर उंच गेल्या, वर जाऊन एकमेकींकडे वाकल्या, त्यांच्या कमानी झाल्या, आणि शेवटी उन्हात त्यांचं पीठ होऊन खाली उतरलं. पौषातली दुपार असूनही पारा अडतीसवर होता. त्या पिठात सात रंगांचा एक पट्टा अलगद उमटला. कुशावर्ताबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

कडेला शंभरेक लेकरं उभी होती. एकही पुढे आलं नाही.

"जा ना रे!" इंजिनियर निवेदिता चौसाळकर हसत ओरडली. "तुमच्यासाठीच आहे हे. भिजा!"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक मुलगी वळली आणि घराकडे पळत सुटली. तिच्यामागे दुसरी, तिसरी, मग सगळीच. माळ रिकामा झाला. नुसत्या धारा नाचत राहिल्या.

निवेदिताचा चेहरा उतरला. तीन वर्षं तिनं या दिवसासाठी खेटे घातले होते. "घाबरली का हो मावशी?"

कुशावर्ताबाई मुलं गेली त्या वाटेकडे पाहत राहिल्या. त्यांना कळलं होतं.

पाच-सात मिनिटांत मुलं परत आली. कुणाच्या डोक्यावर कळशी, कुणाच्या हातात बादली, एकाकडे तर रंगाचा रिकामा डबा. त्यांनी धारांच्या खाली भांडी मांडली आणि नंबरानं रांग धरली. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही. मागचं पोर पुढच्याला म्हणालं, "लवकर भर, जाईल."

निवेदिता फरशीच्या काठावर मटकन बसली. "यांना वाटलं..."

"पाणी आलं की भांडं आणायचं, एवढंच ठावं हाय त्यांला," कुशावर्ताबाई म्हणाल्या. "पाण्यात खेळतेत, हे कुणी सांगितलंय कधी?"

त्यांनी पदर खोचला. रांगेतल्या सगळ्यात लहान मुलीच्या हातातली कळशी काढून बाजूला ठेवली, तिचं बोट धरलं आणि साठीला टेकलेली ती बाई धारांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. लुगडं चिंब झालं. मुलगी आधी घुसमटली, मग तिनं तोंड वर केलं, डोळे मिटले, आणि एवढ्या मोठ्यानं हसली की रांग आपसूक मोडली.

* * *

त्या जागेचं नाव निवेदितानं तुषारांगण ठेवलं होतं. तलाव नाही, टाकं नाही, बुडायची भीती नाही. नुसतं अंगण, आणि अंगणातून उडणारे तुषार.

गेल्या वैशाखात शाळेच्या पटांगणावर अकरा मुलं उन्हानं कोसळली होती. त्यांतलं एक उठलं नाही. त्यानंतर सोनखडकनं उष्मानिवारण निधीसाठी अर्ज केला. निधी मंजूर झाला तो एका अटीवर: पिण्याच्या पाण्यातला थेंबही त्यात जाता कामा नये. पाणी निवेदिता हवेतून काढणार होती.

माळाच्या कडेनं चाळीस उंच खांब होते आणि खांबांवर शिडांसारखे ताणलेले पांढरे पट. निवेदिता त्यांना दवपट म्हणायची. दिवसभर ते मिटलेले असत. दिवेलागण झाली की आपोआप उलगडत. त्यांच्या धाग्यांवर असा लेप होता, की तो आपल्या अंगातली ऊब सरळ आभाळात सोडून द्यायचा आणि भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी गार पडायचा.

"तांब्यात गार पाणी भरलं की बाहेरून घाम येतो ना मावशी, तसंच," तिनं पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "फक्त इथे तांब्या म्हणजे चाळीस पट, आणि गार पाण्याच्या जागी अख्खं आभाळ."

पहाटेपर्यंत बारा हजार लिटर पाणी पटांवरून ओघळून जमिनीखालच्या टाकीत येई. ते गाळून, शुद्ध करून दुपारी धारांना दिलं जाई, आणि सांडलेलं फरशीच्या फटींतून पुन्हा टाकीत जाई. कुशावर्ताबाईंनी पहिल्यांदा ते ओघळणं पाहिलं तेव्हा त्या मान वर करून बघतच राहिल्या. आभाळ नितळ, एक ढग नाही, आणि पटाच्या कडेवरून थेंबामागे थेंब. इतकी वर्षं आपण तळ खरवडत राहिलो आणि पाणी डोक्यावर उभं होतं!

पण गावाला हे पटवणं सोपं गेलं नव्हतं. सभा महादेवाच्या सभामंडपात झाली. नगराध्यक्ष वैजनाथराव हंगे बोलून खाली बसतात न बसतात तोच सुंद्राबाई लोखंडे उठल्या. सुंद्राबाई माळाच्या पश्चिमेला असलेल्या लिंबवाडीच्या. कुशावर्ताबाईंच्या लहानपणापासूनच्या मैत्रीण.

"आठ दिसाला दोन घागरी पाणी येतंय, आन् तुम्ही पाणी नाचवायलाव व्हय?"

"सुंद्राबाई, नळाचा थेंब लागत नाही त्याला."

"तुमचा भरवसा न्हाई, वैजनाथराव. मागच्या निवडणुकीला तुम्ही नदी आणणार व्हता. कुठवर आलीय?"

मंडपात हशा पिकला. वैजनाथरावही कसनुसे हसले.

"मग हवेतलं पाणी प्यायलाच द्या की," कुणीतरी मागून म्हणालं.

"बारा हजार लिटर म्हणजे घरटी चार लिटरसुद्धा नाही," निवेदिता म्हणाली. "पण तेच पाणी फिरवून फिरवून वापरलं, तर रोज तीनशे मुलं उन्हातून वाचतील."

सुंद्राबाई हलल्या नाहीत. तेव्हा कुशावर्ताबाई उठल्या. सभेत त्या कधी बोलत नसत. "टाकीला नळाचं एक जोड दिलंय, आगबिग लागली तर म्हणून. त्याची चावी माझ्याजवळ हाय. नळाचा एक थेंब जरी तिथं पडला, तर मी हे सगळं बंद करीन आन् चावी सुंद्राच्या दारात आणून टाकीन."

सुंद्राबाईंनी कुशावर्ताबाईंकडे पाहिलं. "तू म्हणतीस म्हणून," त्या बसत म्हणाल्या. "नुसतं तू म्हणतीस म्हणून."

* * *

चाचणी सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि निवेदिताच्या कपाळाला आठी पडली. टाकी रोज आठशे लिटरनी कमी भरत होती.

उन्हानं किती पाणी उडणार, मुलांच्या कपड्यांतून किती जाणार, सगळं तिनं आधीच धरलं होतं. हे आठशे त्यावरचे. तिनं फरशा उचलून पाहिल्या, पाण्यात रंग टाकून गळती शोधली, टाकीत माणूस उतरवला. कुठे ओल नाही, कुठे भेग नाही.

निधीचं तपासणी पथक संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी येणार होतं. हिशोब न लागणारी तूट दिसली, तर तुषारांगण गळकं ठरणार, पट उतरवून रांगेतल्या दुसऱ्या गावाला जाणार.

"तीन रात्री नळाचं जोड उघडा," वैजनाथराव कुशावर्ताबाईंना म्हणाले. "टाकी भरून दाखवू. पथक गेलं की बंद. कुणाला कळणाराय?"

"मला."

"मावशी, लेकरांसाठी म्हणतो मी."

हे मात्र खरं होतं, कुशावर्ताबाईंनाही ते कळत होतं. त्यांनी निवेदिताकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती. हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती.

"उद्याच्याला सांगते," कुशावर्ताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या नेहमीसारख्या उठल्या. त्यांचा एक नेम होता. दिवसाचं पहिलं पाणी आपल्या तोंडात घालायचं नाही; ते दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं. तुळशीला, दारातल्या गाईला, वाटसरूला. गावाचं पाणी हाती आलं त्या दिवशी त्यांनी हा नेम धरला होता, आणि तापातही मोडला नव्हता. तुळशीला तांब्या घालून त्या बाटली घेऊन वावराकडे निघाल्या.

तुषारांगणाच्या पूर्वेला, उताराखालच्या लवणात, त्या खोलगट पट्ट्यात, त्यांचा वीस गुंठे हरभरा होता. पौषात हरभऱ्याच्या पानांवर आंबट-खारट रस सुटतो. रात्री झाडांवर स्वच्छ फडकं पसरायचं आणि पहाटे दवासकट ते पिळून घ्यायचं. त्याला म्हणायचं आंब. पोट दुखलं की चमचाभर आंब. वर्षभर सगळी गल्ली कुशावर्ताबाईंच्या दारी यायची. एका फडक्याला अर्धी वाटी निघायची, बाटली भरायला तीन-चार पहाटा लागायच्या.

त्या दिवशी त्यांनी रात्री पसरलेलं यंदाचं पहिलंच फडकं उचललं आणि ते हातात जड लागलं. पिळलं. बाटली गळ्यापर्यंत भरली, तरी फडक्यातून धार सुरूच होती.

कुशावर्ताबाई थबकल्या. बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं. आंब पातळ होती. आंबटपणा होता, पण त्यात पाणीच पाणी. जणू कुणी रात्रीतून मुठीनं दव टाकून गेलं होतं.

त्यांनी मान वर करून उताराकडे पाहिलं. वर, माळाच्या कडेला, चाळीस पट पहाटेच्या उजेडात मिटत होते.

* * *

"तुमचं पाणी चोरीला गेलेलं न्हाई," त्यांनी बाटली निवेदितासमोर ठेवली. "हे घ्या. यात हाय."

निवेदितानं आधी बाटलीकडे पाहिलं, मग त्यांच्या ओल्या हातांकडे. सगळं ऐकून घेतल्यावर ती धावत काठापर्यंत गेली आणि तिथून लवणाकडे पाहत राहिली.

"मी फक्त दुपारी उडणारे तुषार धरले होते," ती हळूहळू म्हणाली. "वाऱ्याबरोबर दूर जाणारे. पण दिवसभर भिजून ही फरशी गार होते. संध्याकाळी तिच्यावरची ओली हवा गार होऊन जड होते, आणि जड हवा पाण्यासारखी उतारानं खाली जाते. तुमच्या लवणात जाऊन साचते. रात्री तिथेच दव होते." ती वळली. "मावशी, लेकरं दुपारी ज्या पाण्यात नाचतात, तेच पहाटे तुमच्या हरभऱ्यावर उतरतंय!"

कुशावर्ताबाईंच्या अंगावर काटा आला. ती लहान मुलगी, तिचं वर केलेलं तोंड, तिच्या गालावरून उडालेला थेंब... तो हा असेल?

"पण एका बाटलीनं पथक ऐकायचं नाही," निवेदिता म्हणाली. "यंत्रं मागवायला वेळ नाही."

"एक फडकं पुरत नसंल तर शंभर पसरू की."

वैजनाथरावांनी आपल्या दुकानातलं मांजरपाटाचं ठाण काढून दिलं. निवेदितानं त्याचे हातभर लांब-रुंद, अगदी सारखे तुकडे कापून घेतले. तुषारांगणाच्या चारी बाजूंना, एकेक किलोमीटरपर्यंत, ज्यांची वावरं होती त्या बायांना ते वाटले. संक्रांतीची सुगडं घरोघर आलेलीच होती. बाया ती घेऊन निघाल्या.

"सुगडं नकोत हो," निवेदिता हात जोडून म्हणाली. "माती पाणी पिते. स्टीलचे तांबे आणा."

"बघा माय, आता इंजिनियरबाई वाण कशात द्यायचं ते सांगायल्या!" त्यांतली एक हसत म्हणाली.

सुंद्राबाईही आल्या. "मी चोरी सापडती का बघायला आलेय," त्यांनी बजावलं, आणि आपला तुकडा घडी करून कमरेला खोचला.

भोगीच्या पहाटे कुशावर्ताबाई काठावर उभ्या होत्या. धुकं विरत गेलं आणि खाली, वर, दूरवर पांढरे चौकोन दिसू लागले. हिरव्या हरभऱ्यावर शंभर फडकी. प्रत्येकीपाशी एक बाई, हातात तांब्या. सूर्याची कोर वर आली, तशी प्रत्येक फडक्यावर बारीक चमक पसरली, आणि एवढ्या बाया एकाच वेळी वाकल्या. देवळात आरतीला वाकावं तशा. कुशावर्ताबाईंना वाटलं, एवढं पाणी रोज येत होतं, रोज जात होतं, आणि आपण आज पहिल्यांदा त्याला हात पसरून भेटतोय.

फडकी पिळली गेली, कुशावर्ताबाईही लवणातलं आपलं फडकं पिळून तांब्या घेऊन वर आल्या, तांबे मोजले गेले, आकडे फोनवरून निवेदिताकडे येऊ लागले. तिच्या हातातल्या पाटीवर गावाचा नकाशा होता. आकडा आला की तेवढा चौकोन निळा व्हायचा. पूर्वेचं लवण निळं होत गेलं, गडद होत गेलं. एका फडक्यावर किती, त्यावरून अख्ख्या वावरावर किती, त्यातून नेहमीचं दव वजा, अशी ती ओठ हलवत बेरीज करत होती. एकाएकी तिनं किंकाळीच फोडली.

"सातशे नव्वद!"

वैजनाथरावांनी टोपी काढून हवेत उडवली. "उरलेले दहा देवाला!"

नळाचं जोड उघडायची गरज नव्हती. तुषारांगण राहणार होतं. कुशावर्ताबाईंनी चावीला कपाळ टेकवलं.

* * *

सुंद्राबाई पश्चिमेकडून आल्या त्या सावकाश. त्यांच्यामागे लिंबवाडीच्या आणखी बारा बाया. सुंद्राबाईंनी काही न बोलता तांब्या उपडा करून दाखवला. एक थेंब काठाशी लोंबला, पण पडला नाही.

"कुशे, मपलं फडकं कोरडं कामून?"

"माझं बी," मागची म्हणाली. "माझं बी."

"रात्री नीट पसरलं नसंल," वैजनाथराव म्हणाले.

"पन्नास वर्सं झाली मला फडकं पसरायला," सुंद्राबाई म्हणाल्या. "मागच्या साली याच वावरात वाटीभर निघत व्हती."

निवेदितानं पाटीकडे पाहिलं. पश्चिमेचा भाग पांढरा राहिला होता. आकडे यायचे असतील म्हणून तिनं तिकडे लक्ष दिलं नव्हतं. ते आले होते. ते शून्य होते.

तिनं मान वर करून पटांकडे पाहिलं. "हिवाळ्यात रात्री उशिरा वारा पूर्वेकडून सुटतो. तो पटांमधून जातो. पट त्यातलं पाणी काढून घेतात आणि पुढे..." तिनं हातानं लिंबवाडीची दिशा दाखवली. "पुढे कोरडी हवा जाते. मला वाटलं होतं, आभाळ एवढं मोठं आहे, वरून नवी हवा येईल आणि भरून निघेल. कदाचित येत असेल. पण लिंबवाडीच्या पुढे येत असेल."

"आमची वावरं कोरडवाहू," सुंद्राबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "आमचा हरभरा कुणी पाणी देऊन आणतो का? दवावरच येतो की त्यो."

गावाकडून मुलांचा गलका ऐकू येऊ लागला. भोगीची सुट्टी होती, आज ती सकाळीच येणार होती.

कुशावर्ताबाईंनी चावी उचलली. चार पावलं चालून ती सुंद्राबाईंच्या पायाशी, मातीत ठेवली.

"अगं, नळाचा थेंब न्हाई पडला," सुंद्राबाई गोंधळल्या. "तुझा शब्द मोडला न्हाई."

"मी नळाचं बोलले, कारण मला पाणी म्हंजे नळच ठावं व्हता. तू तुझ्या वाट्याचं विचारत व्हतीस. तुझ्या वाट्याला हात लागलाय, सुंद्रा. आता बंद कर म्हण, मी बंद करते."

गलका जवळ आला. पहिली पोरं माळावर पोचली. आज कुणाच्याही हातात भांडं नव्हतं. ती लहान मुलगी फरशीच्या काठावर चप्पल काढून, नीट जोडून ठेवून, धारांची वाट पाहत उभी राहिली.

सुंद्राबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग खाली वाकल्या, चावी उचलली, तिचं वजन हातात पेललं.

"हे पट मिटवता येतेत का, बाई?"

"येतात," निवेदिता म्हणाली. "हवे तेवढे, हव्या त्या रात्री."

"मग पाळी लावा. गल्लीला लावती कुशा, तशी. दोन रात्री तुमच्या, दोन आमच्या. लेकरांना दोन दिस कमी भिजू द्या." त्यांनी चावी कुशावर्ताबाईंच्या हातात परत दिली. "धर. पाळी तूच लाव. दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाई मला."

वैजनाथरावांनी मोठा श्वास सोडला. निवेदिताचे डोळे भरून आले होते, ती पुसत पुसत म्हणाली, "मी वरच्या कार्यालयात कळवते. आणखी त्र्याण्णव गावांनी तुषारांगण मागितलंय. त्यांनाही फडकी पसरायला सांगायला हवं."

"त्र्याण्णव?" सुंद्राबाई वळल्या. "आन् त्या सगळ्यांचे पट एकाच रात्री उलगडले, तर?"

निवेदितानं पाटीवरचा नकाशा बोटांनी लहान करत नेला, सोनखडक ठिपक्याएवढं होईपर्यंत.

सुंद्राबाईंनी उरलेला मांजरपाट गोळा करायला घेतला. तुकड्यावर तुकडा ठेवून त्यांनी गठडी बांधली. "लिंबवाडीच्या म्होरं माझी धाकटी बहीण दिलीय. तिच्या वावरात पसरून बघते. तिच्या म्होरं तिची नणंद हाय."

"थांब," कुशावर्ताबाई म्हणाल्या. आज पहाटेच्या गडबडीत नेमाचं पाणी राहून गेलं होतं. त्यांनी आपल्या तांब्यातलं दव सुंद्राबाईंच्या रिकाम्या तांब्यात ओतलं. निम्माच भरला.

सुंद्राबाईंनी त्यातला घोट घेतला, तोंड आंबट केलं, आणि गठडी डोक्यावर घेऊन पश्चिमेची पायवाट धरली. मागे धारा उसळल्या, मुलांचा एकच कल्ला झाला, आणि तुषारांचं पांढरं पीठ उन्हात चढत चढत दिसेनासं झालं. कुशावर्ताबाई चावीवर हात ठेवून त्या लहान होत जाणाऱ्या गठडीकडे पाहत राहिल्या. बहिणीच्या पुढे नणंद, नणंदेच्या पुढे कुणाचं तरी माहेर, त्याच्याही पुढे हे एवढं आभाळ. त्याला पाळी लावायची, तर किती फडकी लागतील?